आमची सखी कै. लक्ष्मीबाई टिळक

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील आमच्या मंडळ्यांत असा रविवार क्वचितच जात असेल की, ज्या दिवशी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे एखादे गीत गाइले जात नाही. पेटी असो वा नसो, टाळ-मृदंग असो वा नुसत्या टाळ्या असोत, टिळकांची पदे आमच्या लोकांच्या ओठी बसलेली आहेत. ज्यांना अक्षर येत नाही अशा म्हाताऱ्यादेखील ती अथपासून इतिपर्यंत म्हणतात. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी विचारले असता पुष्कळ ठिकाणी एवढेच उत्तर मिळते की, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्याही ख्रिस्ती झाल्या. हे उत्तर ऐकून वाईट वाटते. कारण जी गोष्ट आपण त्यांच्यापासून शिकावी तीच नेमकी त्यातून गळालेली आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत काय झाले हे ज्यास कळले त्यास लक्ष्मीबाई कळल्या, असे आम्ही म्हणू.

त्यांना आम्ही सखी म्हणतो याचे कोणी नवल करू नये. त्या वारल्या त्याला कित्येक तपे लोटली. आज हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी त्यांना पाहिले असण्याचा संभव नाही. तथापि त्यांचे स्मृतिचित्रे हे पुस्तक ज्याने एकदा हाती घेतले आहे त्याला हा अनुभव आहेच की, एखादी वडीलधारी बाई संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली आहे, तांदूळ निवडता निवडता आपल्या जन्माची हकीकत सांगत आहे, आणि मध्येच स्वतःच्याच फजितीला हसत आहे. अशी बाई परकी कशी वाटेल? शिवाय आमच्या मुलुखाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंधही आला होता. तो पुढे येईलच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदातीरी असलेल्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. वडील कर्मठ ब्राह्मण होते; नुसते कर्मठ म्हणून भागत नाही, सोवळेपणाचा त्यांना ध्यास लागलेला होता. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येऊ द्यावयाची नाही, कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली याची सदा धास्ती, आणि या सर्वांचा जाच घरातील बायकामुलांना. लक्ष्मीबाईंनी हे सर्व लिहिले आहे, परंतु बापावर राग धरून लिहिलेले नाही. त्या लिहितात तेव्हा वाचणारा हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की, या लहान मुलीच्या मनात विटाळाची भीती किती खोल रुजविली गेली असेल. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे घडले त्याचे मोल हिच्यावाचून कळणार नाही.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. त्या वेळी टिळक अठरा-एकोणीस वर्षांचे होते. कोकणातील करजगाव येथे १८६१ साली त्यांचा जन्म झाला होता. विद्वान, संस्कृतज्ञ, कवी. पण संसारी म्हणून विचाराल तर कठीण माणूस. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे व्हावयाचे, मनात आले की नोकरी सोडावयाची, घरी न सांगता परगावी निघून जावयाचे, क्षणात संतापावयाचे व क्षणात विरघळून जावयाचे. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली. पण कवी मनुष्याला मास्तराचा धीर कोठला? विद्यार्थिनी अडखळली की गुरुजींचा पारा चढे. अशा रीतीने बाई वाचावयास शिकल्या. लिहिण्याशी मात्र त्यांची झटापट जन्मभर चालली. पुढे जिच्या पुस्तकाला मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळाले ती बाई शुद्धलेखनात नापास झाली असती, हे आमच्या अल्पशिक्षित उपदेशकांनी व बायबलबायांनी अवश्य ध्यानात घ्यावे. आपल्याला शुद्ध लिहिता येत नाही म्हणून साक्ष लिहून द्यावयास जे संकोचतात, त्यांना आम्ही नेहमी याच बाईंचे नाव सांगतो.

येथे एक विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतील. आमच्या मंडळ्यांत कोणी वारले की जो मृत्युलेख लिहिला जातो त्यात मृत मनुष्य हा जणू पाळण्यातूनच पवित्र होता असे वर्णन असते. त्याला राग कधी आला नाही, त्याचे बायकोशी भांडण कधी झाले नाही, प्रार्थनेवाचून त्याचा एक दिवस गेला नाही. वाचणाऱ्याला हे खरे वाटत नाही आणि म्हणून त्याला काही लाभही होत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याविषयी असे लिहिले नाही. ज्यांची पदे सगळी ख्रिस्ती मंडळी भक्तिभावाने गाते त्या टिळकांचा तापटपणा, विक्षिप्तपणा, घरातील मंडळींना झालेला त्रास, सर्व त्यांनी उघड लिहून ठेवले. आणि आश्चर्य असे की, ते वाचून टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही. उलट वाटते की, असल्या मनुष्याला प्रभूने हाताशी धरून एवढे काम करून घेतले, तर आपल्यासारख्यांचीही आशा करण्यास जागा आहे. पवित्र शास्त्रात दावीद राजाचे पाप झाकलेले नाही व पेत्राचे नाकारणेही झाकलेले नाही. लक्ष्मीबाईंचे लिहिणे त्या जातीचे आहे.

आता मूळ कथेकडे वळू. १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता त्यांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या उभयतांचे काव्याविषयी, मग धर्माविषयी बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला, व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. पुस्तक वाचण्याचे टिळकांनी वचन दिले होते म्हणून त्यांनी ते वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथून पुढे त्यांना ते खाली ठेववेना. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही कथा आमच्या उपदेशकांना पाठ आहे व ते ती कीर्तनात उत्तम रंगवितात. परंतु त्याच दिवसांत नाशिककडे काय चालले होते, ते कोणी सांगत नाही. तेथे सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक स्त्री होती. तिची पहिली अपत्ये देवाघरी गेली होती आणि उरलेला एकुलता एक मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता. तिला बातमी कळली की, आपला नवरा बाटला. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, परंतु त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कपाळी कुंकू आहे, परंतु ते ज्याच्या नावाचे त्याचे नाव घरात निघाले की सगळे खाली पाहतात. धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीने, भिकूताईंनी, त्यांना जीव लावून सांभाळले. नाशिक व पंढरपूर येथे बहिणीच्या आश्रयाने त्यांचे दिवस गेले. दुःखाने वेड लागावे अशी वेळ होती. त्या दुःखाला त्यांनी कवितेत वाट करून दिली. जात्यावर बसून आपले सुखदुःख ओवीत गुंफणाऱ्या आयाबाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लक्ष्मीबाईंची कविता त्याच घरची.

टिळक या अवधीत अहमदनगर येथे, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात तेथे, अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवीत होते. पत्नीने व मुलाने आपल्याकडे यावे ही त्यांची तळमळ होती. पण तिने ख्रिस्ती झालेच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. पुढे सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्या हिंदू म्हणूनच गेल्या. राहावयाचे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती शाळेत शुभवर्तमान शिकवितो आणि पत्नी त्याच गावात सोवळ्याने चूल पेटविते, असा तो संसार होता. टिळकांच्या तापट स्वभावाविषयी वर लिहिलेच आहे. त्या मनुष्याने या एका बाबतीत मात्र जो धीर धरला तो खरोखर देवाची देणगी म्हटली पाहिजे.

आणि मग राहुरीस ती गोष्ट घडली. नगर जिल्ह्यातील राहुरी येथे मिशनचे ठाणे होते व लक्ष्मीबाई काही काळ तेथे राहत होत्या. कोणी त्यांना उपदेश करीत नव्हते, कोणी वाद घालीत नव्हते. एके दिवशी त्यांच्या मनात जातीविषयी विचार आला, आणि तो एकदा आला तो जाईना. देवाने पशू निर्माण केले, पक्षी निर्माण केले, त्यांच्यात जाती केल्या, तर त्या डोळ्यांना दिसतील अशा केल्या. मग माणसांतही जर जाती त्यानेच केल्या असत्या तर ब्राह्मणाच्या व महाराच्या देहांत त्याने काही खूण ठेवली नसती काय? सर्वांना हात दोन, डोळे दोन, जन्मणे सारखे आणि मरणे सारखे. तेव्हा ही जात देवाची नव्हे, माणसांनी केलेली आहे. आणि माणसांनी केलेली गोष्ट माणसाने मोडावयास हरकत नाही. विचार एवढाच. परंतु जिच्या माहेरी सावलीचाही विटाळ मानीत, तिच्या मनात असा विचार उभा राहणे म्हणजे पायाखालची जमीन हलणे होय. त्यांनी ठरविले की, यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपण अनमान करणार नाही. आणि ठरविले ते केले.

यानंतर बाप्तिस्म्याला फार दिवस लागले नाहीत. आमच्या समजुतीने खरे नदी ओलांडणे ते राहुरीसच झाले. बाप्तिस्म्याच्या पाण्यापूर्वी पिण्याचे पाणी आले. यापो येथे पेत्र छपरावर प्रार्थना करीत असता त्याला चादरीचा दृष्टांत झाला, आणि कर्नेल्याच्या घरचा उंबरठा ओलांडण्यास तो तयार झाला. राहुरीस लक्ष्मीबाईंना दृष्टांत झाला नाही, आकाश उघडले नाही. साध्या विचाराने त्या त्याच उंबरठ्यापाशी येऊन पोहोचल्या.

ज्या वाचकांसाठी हे पत्र निघते त्यांतील पुष्कळांचे आजेपणजे या पाण्याच्या दुसऱ्या बाजूस उभे होते. ज्यांना गावच्या विहिरीस हात लावण्याची बंदी होती, ज्यांनी ओंजळ पुढे करून वरून ओतलेले पाणी प्यावयाचे, त्यांची आपण लेकरे. म्हणून ही कथा आपल्या कानी निराळ्या रीतीने पडते. ब्राह्मण बाई केवढी उदार झाली, असे म्हणून आपण हात जोडावे असा या कथेचा अर्थ आम्ही करीत नाही. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी बाईजवळ पाणी मागितले. देणारी ती होती, घेणारा तो होता. आणि तिला नवल वाटले ते याचेच की, हा माझ्या हातचे पितो कसा! राहुरीस लक्ष्मीबाई घेणाऱ्या झाल्या. देणारा हात आपल्या लोकांचा होता.

आणि हेही लिहिल्यावाचून राहवत नाही की, आपल्यातल्या आपल्यात हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. मंडळीत एका बाकावर बसणारी दोन घरे मुलामुलीच्या लग्नाची गोष्ट निघताच पूर्वी आम्ही कोण व तुम्ही कोण याचा हळूच शोध घेऊ लागतात. प्रभुभोजनाच्या प्याल्याला सर्वांचे ओठ लागतात आणि घरच्या प्याल्याविषयी मात्र मनात किंतु राहतो. पाळकाने हे पाहिले नाही असे समजू नये.

या पाच वर्षांविषयी आमच्या उपदेशक बांधवांना आणखी एक विनंती आहे. खेड्यात एखादा पुरुष विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो; लगेच मंडळीच्या दप्तरात त्याच्या नावाखाली बायकोचे, मुलांचे नाव चढते आणि अहवालात एका घराण्याची भर पडते. त्या बायकोला कोणी काही विचारलेले नसते. ती डोक्यावर पदर घेऊन उपासनेला येते, मागे बसते, आणि घरी कोनाड्यातला देव कोठे ठेवावा या विवंचनेत असते. तिला नवऱ्याबरोबर ओढून आणणे सोपे आहे. तिच्यासाठी टिळकांसारखे थांबणे अवघड आहे, कारण थांबण्याचे आकडे अहवालात दाखविता येत नाहीत. लक्ष्मीबाईंना जर १८९५ साली कोणी बळेच बाप्तिस्मा दिला असता तर मंडळीला एक नाव मिळाले असते. ख्रिस्तायन मिळाले असते की नाही याची आम्हांस शंका आहे.

बाप्तिस्म्यानंतरचा त्यांचा काळ कामाचा गेला. तो दुष्काळाचा व प्लेगचा काळ होता. नगरला प्लेगच्या छावणीत जाऊन या पतिपत्नींनी रोग्यांची शुश्रूषा केली. जेथे सख्खे नातलग जावयास भीत तेथे हे दोघे जात. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांच्या घरी थारा मिळाला. टिळक दाराशी आलेल्या कोणालाही नाही म्हणत नसत, आणि आत भाकरी आहे की नाही हे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. या घरात जे आले त्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा खानदेशचा एक कोवळा मुलगाही होता. बालकवी म्हणून सगळ्या महाराष्ट्राला पुढे तो ठाऊक झाला. तो ख्रिस्ती नव्हता व त्याने व्हावे असा त्याला आग्रहही झाला नाही. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो तरुणपणीच मरण पावला.

टिळकांना १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. हे पत्र १८४२ साली नगरात निघाले होते व आमच्या मंडळ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते वाचले आहे. परंतु टिळकांचे मन पगारी सेवेत रमेना. ख्रिस्त हा या देशात परकीय पोशाखात आणला गेला आहे, त्याला या मातीत वारकऱ्यांच्या टाळमृदंगांत पाहावे, अशी त्यांची ओढ होती. अखेर १९१७ साली मिशनच्या वेतनावर पाणी सोडून ते साताऱ्यास आले. येथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुसमाज मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत असा त्यांचा हेतू होता. या गोष्टीवर तेव्हाच्या ख्रिस्ती मंडळींत पुष्कळ मतभेद झाले व आजही होऊ शकतील. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

येथे आम्हांला पाहावयाचे आहे ते लक्ष्मीबाईंकडे. सातारा हे अमेरिकन मराठी मिशनचे १८४९ पासूनचे जुने ठाणे. सांगली-मिरजेकडे प्रेसबिटेरियन मिशन. तिकडे डॉक्टर वानलेस यांनी दवाखान्याचे नाव दूरवर नेले होते. अशा या मुलुखात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, वयाच्या पन्नाशीस आलेली ही बाई येऊन राहिली. पतीला दृष्टांत झाला म्हणजे दरबार. पत्नीच्या बाजूने पाहिले तर बंद झालेला पगार, आल्यागेल्याची पंगत, आणि चुलीवर काय चढवावे हा रोजचा प्रश्न. तरुणपणी टिळक न सांगता निघून जात तेव्हा त्या मागे रडत राहत. साताऱ्यास त्या रडत राहिल्या नाहीत, बरोबर आल्या. आम्हांला या दोन प्रसंगांमधील अंतर फार मोठे वाटते. पतीचे विक्षिप्तपण तेच होते, पण आता ते ज्याच्यासाठी घर मोडीत होते तो प्रभू लक्ष्मीबाईंचाही झाला होता.

हा संसार दोन वर्षेही धड चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली, त्यांना मुंबईस न्यावे लागले, आणि १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस तेथे त्यांचे देहावसान झाले. दरबारही त्यांच्यामागे टिकला नाही. ज्याच्या मागे दुनिया धावत होती तो गेला म्हणजे त्याच्या विधवेचे दार किती लवकर ओस पडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दिवसांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

टिळक आपल्यामागे एक मोठे अपुरे काम ठेवून गेले होते. प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र ओवीत लिहावयाचे त्यांनी मनात घेतले होते. त्याचे नाव ख्रिस्तायन. यापूर्वी तीनशे वर्षे मागे गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले होते व ते १६१६ साली छापले गेले. परंतु ते परदेशातून येऊन मराठी शिकलेल्या पुरुषाचे काम. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. आता हे काम पुढे कोण नेणार? महाराष्ट्रात ख्रिस्ती कवी होते, पंडित होते, मूळ ग्रीक जाणणारे होते. पुढे आल्या त्या लक्ष्मीबाई. ज्यांना जोडाक्षरे लिहिताना घाम फुटे त्यांनी एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले.

चौसष्ट अध्याय! ज्याने नाताळच्या कार्यक्रमासाठी एक पद जुळविण्याचा यत्न केला असेल त्याने या आकड्यावर क्षणभर थांबावे. आणि वयही पाहावे. उतारवयात, दृष्टी व शरीर थकलेले असता, हे काम त्यांनी चालविले. टिळकांच्या ओवीत संस्कृताचे पाणी आहे, घडण पंडिताची आहे. लक्ष्मीबाईंची ओवी घरगुती आहे. तीत मरीया बोलते ती आपल्या गावातील आईसारखी, मार्था धांदल करते ती पाहुणे आलेल्या घरच्या गृहिणीसारखी. विद्वानांना पहिले अध्याय अधिक आवडतील. खेड्यातील स्त्रियांच्या सभेत वाचावयास घ्याल तर पुढचे अधिक रुचतील, असा आमचा अदमास आहे. जात्याच्या ओवीवर वाढलेल्या कानाला ती चाल शिकवावी लागत नाही.

स्मृतिचित्रे लिहिण्याचे निमित्त निराळे होते. टिळकांच्या आठवणी लिहून काढ, असा चिरंजीव देवदत्त यांचा आग्रह पडला. लहानपणीचा दत्तू तो हाच. आठवणी टिळकांच्या म्हणून आरंभल्या आणि त्यांतून लक्ष्मीबाई स्वतः प्रकट झाल्या. संजीवनी या साप्ताहिकातून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या व १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने चार भागांत निघाल्या. ख्रिस्ती नसलेल्या महाराष्ट्रानेही हे पुस्तक डोक्यावर घेतले. आजही मराठीतील आत्मचरित्रांची नावे निघाली म्हणजे त्याचे नाव अग्रभागी येते. इंग्रजीत त्याचे भाषांतर झाले आहे, एकदा नव्हे अनेकदा. मोठमोठ्या धर्मोपदेशकांची पुस्तके ज्या घरांत गेली नाहीत त्या घरांत हे गेले; आणि तीत उपदेश म्हणून शोधू गेले तर काही सापडत नाही. एका बाईने आपण कशा होतो व प्रभूने आपले काय केले ते सांगितले आहे, तेही बहुधा हसत हसत.

काही बंधूंचा या पुस्तकावर आक्षेप आम्ही ऐकला आहे. तीत प्रार्थना कमी आहेत, शास्त्रवचने कमी आहेत, आणि विनोद फार आहे, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, प्लेगच्या छावणीतील हकीकत सांगताना, पोरक्या मुलांची हकीकत सांगताना, लेखिकेने आपल्या पुण्याचा एक तरी शब्द मध्ये घातला आहे काय? ज्याला स्वतःवर हसता येते त्याच्या मनात गर्वाला फार जागा उरत नाही. आणि गर्वाची जागा रिकामी असणे ही काही थोडी प्रार्थना नव्हे.

१९३३ साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान लक्ष्मीबाईंना देण्यात आले. ज्या मुलीला अक्षरे शिकविताना नवऱ्याने डोक्याला हात लावला होता ती आता लेखकांच्या सभेत अग्रस्थानी बसली. स्मृतिचित्रांचे भाग छापून येत होते त्याच सुमारास, १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस, नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. ज्या गोदातीरी त्यांना सोवळे शिकविले गेले त्याच गोदेच्या काठी.

ख्रिस्तायन त्यांनी छापलेले पाहिले नाही. त्याचा शेवट देवदत्त टिळकांच्या हातून झाला आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. एक पिता, एक माता, एक पुत्र, अशा एका घरातील तिघांच्या हातांनी तो पुरा झाला. त्यांच्या कवितांचे पुस्तक भरली घागर या नावाने पुढे १९५१ साली निघाले.

आगमनकाळात ज्या मंडळ्यांत स्त्रियांची सभा सायंकाळी भरते त्यांनी ख्रिस्तायनातील जन्माचे अध्याय वाचावयास घ्यावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. वाचणारी एक असली म्हणजे पुरे. बाकीच्यांनी ओवीच्या शेवटी सूर धरावा. दिवा जरा मोठा ठेवावा, कारण जुन्या प्रतींची अक्षरे बारीक आहेत.